वऱ्हाडचं ऊन आणि सिलिकॉन

१९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला, तेव्हा त्याने उन्हाच्या सुमारे ६ टक्केच ऊर्जेची वीज केली. आज वरुड-मोर्शीच्या संत्राबागेतल्या विहिरीवर याच घटाचे वंशज पंप चालवतात. पण त्यांच्यावर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो आणि काचेखालचा निळा-काळा घट ७० अंशांच्या आसपास तापतो. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन वीज देतात, पण उष्णतेने घटाचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतो. नेमकी तेव्हाच आंबिया बहाराच्या फळांना पाण्याची सर्वाधिक गरज असते. म्हणून इथे घटाची परीक्षा मे महिन्यातच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग उष्णता अधिक सोसणारा कॅडमियम टेलुराइडचा पातळ थरच घ्यावा, असं कुणी म्हणेल. त्याची क्षमता अंशामागे सुमारे ०.३ टक्के उतरते, जुन्या बहुस्फटिकी सिलिकॉनची ०.४. पण एकस्फटिकी सिलिकॉनची कार्यक्षमता मुळातच २१ टक्क्यांच्या घरात असते. ४५ अंशांच्या वाढीने त्यातला सहावा हिस्सा गेला, तरी साडेसतरा उरतात. साडेअठरापासून सुरू होणारा पातळ थर सोळाच्या आसपास थांबतो. पण हा झाला आकड्यांचा हिशेब. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीला दिवसा विजेची वाट दाखवली. रात्री ओलितासाठी अंधारात बांधावर जाणाऱ्याला हा दीड टक्का नव्हे, दिवसाचं पाणी मोलाचं आहे.