निळ्या उजेडाची वीस सेकंदं

दाताला कीड लागली की ती कोरून काढायची आणि पडलेला खड्डा बुजवायचा, हे दंतवैद्यकाचं जुनं काम. तो कशाने बुजवायचा, यावर मात्र गेली दोनशे वर्षं वाद चालू आहे. १८२६च्या सुमारास पॅरिसमध्ये ओगुस्त तावो याने चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दातात भरायला सुरुवात केली. १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी हाच लगदा भारदस्त नाव देऊन न्यूयॉर्कला नेला आणि तिथे रणच पेटलं. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेने १८४५ साली सभासदांकडून पारा न वापरण्याची लेखी शपथ मागितली. त्या भांडणाने संघटना पोखरली गेली आणि १८५६मध्ये ती बंदच पडली. पारा मात्र टिकला. १८९५च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी मिश्रधातूचं प्रमाण नीट बसवून दिलं आणि पुढची अनेक दशकं जगभर तेच चाललं. आपल्याकडेही आईवडिलांच्या पिढीच्या दाढांमध्ये दिसते ती हीच ‘चांदी’.

चांदी दणकट, स्वस्त आणि थोड्याफार ओलाव्यालाही न जुमानणारी. पण ती दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरावा लागे, म्हणजे किडीबरोबर धडधाकट दातही जाई. पांढऱ्या फिलिंगचं कौतुक बहुतेक लोक रंगासाठी करतात. त्याचा खरा मोठेपणा दात वाचवण्यात आहे.

ही वाट उघडली रॉचेस्टरच्या ईस्टमन दंत संस्थेतल्या मायकेल ब्यूनोकोर यांनी. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेच आम्ल त्यांनी दाताच्या चकचकीत आवरणावर अर्धा मिनिट लावून पाहिलं. साध्या दातावर लावलेला ॲक्रिलिकचा ठिपका काही तासांत निघून येई. आम्लाने खरबरीत केलेल्या दातावरचा ठिपका हजार तासांच्या वर टिकला. हा शोध १९५५ साली छापून आला. पण चिकटवण्याजोगा चांगला पदार्थच तेव्हा नव्हता. ॲक्रिलिक आकसत असे आणि पिवळं पडत असे. समोरच्या दातांसाठी वापरलं जाणारं सिलिकेट सिमेंट लाळेत हळूहळू विरघळत जाई.

तो पदार्थ घडवला वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या राफाएल बोवेन यांनी. त्यांनी नवं राळेसारखं रसायन तयार केलं, काचेसारख्या क्वार्ट्झच्या बारीक पुडीवर तिला राळ घट्ट धरेल असा लेप दिला आणि दोन्ही एकत्र कालवलं. १९६२ साली त्याचं पेटंट मिळालं. आजच्या काँपोझिटचा, म्हणजे पांढऱ्या फिलिंगच्या मलमाचा, पाया तोच आहे.

अडचण उरली ती घट्ट होण्याची. काँपोझिटची दोन मलमं एकत्र घोटली की घड्याळ सुरू होई. डॉक्टरांचा हात वेगाने चालो वा सावकाश, मिश्रण आपल्या वेळेला आवळत जाणारच. घोटताना हवेचे बुडबुडे शिरत ते वेगळेच. मलम दातात हवं तसं बसवावं आणि सांगू तेव्हाच ते घट्ट व्हावं, यासाठी उजेड आला.

पहिला उजेड अतिनील होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत असे दिवे बाजारात आले. एका थराला मिनिटभर दिवा धरावा लागे, तरी किरण फार खोल जात नसत. वरून टणक दिसणारं फिलिंग तळाशी मऊ राही. शिवाय हे किरण डोळ्यांना आणि हिरड्यांना बाधक. म्हणून मँचेस्टरच्या दंतमहाविद्यालयात आणि ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या उजेडावर काम सुरू झालं. असं पहिलं फिलिंग १९७६ साली मँचेस्टरला डॉ. मोहम्मद बसिऊनी यांनी भरलं.

या निळ्या उजेडाला प्रतिसाद देणारा पदार्थ म्हणजे कँफरक्विनोन, आपल्या देवघरातल्या कापरापासून बनणारी पिवळी पूड. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ती शोषते आणि राळेतल्या रेणूंच्या साखळ्या जुळू लागतात. खुर्चीवरच्या मोठ्या दिव्यातही निळा अंश असतोच. म्हणून डॉक्टर तो दिवा बाजूला वळवतात आणि काढून ठेवलेलं मलम नारिंगी झाकणाखाली ठेवतात.

पुढची वीस-पंचवीस वर्षं हॅलोजन दिव्यांची. त्यांना पंखा लागे, ते तापत आणि त्यांची ताकद नकळत उतरत जाई. उजेड दिसायला तसाच निळा, पण फिलिंग आतून कच्चं. हा दोष डोळ्यांना कळत नाही, मोजयंत्रालाच कळतो. १९९३मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. १९९५ साली ब्रिस्टलच्या रॉबिन मिल्स यांनी तोच दातांसाठी वापरता येईल, असं सुचवलं. २०००च्या आसपास बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे दवाखान्यांत आले. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या निळ्या एलईडीला मिळालं, तोच आज गावोगावच्या दंतवैद्यांच्या हातात आहे.

आता खुर्चीवर काय घडतं ते पाहू. कीड काढली की आम्लाची जेल पंधरा-वीस सेकंद लावून धुतात. सुकवल्यावर दाताची कड खडूसारखी पांढरी दिसते. त्यावर चिकटद्रव्य लावून उजेड देतात आणि मग मलमाचा थर भरतात. नेहमीच्या काँपोझिटचा थर साधारण दोन मिलिमीटरचा, त्याला उजेड सुमारे वीस सेकंद. मग दुसरा थर, पुन्हा उजेड. काही नवी मलमं चार मिलिमीटरच्या थरातही घट्ट होतात, पण ती त्यासाठीच बनवलेली असतात. काँपोझिट घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसतं. थराथराने भरण्याचं तेही एक कारण. दिव्याचं टोक हलून तिरपं झालं तर खालच्या भागाला उजेड पुरत नाही आणि पेशंटला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा शत्रू ओलावा. चिकटवताना लाळ वा रक्त लागलं तर जोड कच्चा राहतो. म्हणून दातावर रबराचा पातळ पडदा चढवतात. ही युक्ती १८६४ची, न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांची, पण पांढऱ्या फिलिंगसाठी ती जास्तच मोलाची ठरली. गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून पुष्कळ पेशंट तो नाकारतात. नाकाने श्वास मोकळा असेल तर तो सोसावा, कारण फिलिंगचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं.

ते आयुष्य चांदीपेक्षा कमी असू शकतं, हेही सांगायला हवं. लिस्बनमध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे चांदीची ९४.४ टक्के फिलिंग टिकली, तर काँपोझिटची ८५.५ टक्के. काँपोझिटच्या कडेने पुन्हा कीड लागणं, हे फरकाचं मुख्य कारण होतं. तरीही काळ चांदीच्या बाजूचा नाही. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार २०१७पासून लागू आहे आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून, अपवाद वगळता, चांदीचं फिलिंग थांबवलं आहे. उद्याच्या पेशंटला बहुधा काँपोझिटच मिळणार. म्हणून ते नीट कसं भरतात, हे त्याला कळायलाच हवं.

पांढरं मलमही शंकेतून सुटलेलं नाही. बोवेन यांच्या रसायनाच्या मुळाशी बिस्फेनॉल-ए आहे. १९९६ साली स्पेनच्या संशोधकांना राळेने दात सील केल्यानंतरच्या लाळेत ते आढळलं होतं. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण अल्प आणि थोड्या वेळापुरतंच असल्याचं दिसलं. उजेड दिल्यावर वर उरणारा ओशट थर पुसून किंवा घासून काढला आणि चुळा भरल्या, की ते आणखी घटतं.

पेशंटच्या हाती असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण कामाच्या आहेत. निळ्या टोकाकडे टक लावून पाहू नये, नारिंगी चष्मा मागावा. दिव्याची ताकद शेवटची कधी मोजली, हे विचारायला संकोच करू नये. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. उजेड चालू असताना जीभ आणि जबडा हलवू नये आणि ‘लवकर आटपा’ म्हणून घाई तर मुळीच करू नये. भूल उतरल्यावर चावताना फिलिंग उंच लागलं, तर सवय होईल म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात जाऊन घासून घ्या.