बगनोंदीचे ठिकाण : मुक्तस्रोत प्रणाली

मुक्तस्रोत प्रणालीत एखादा बग, म्हणजे दोष, आढळल्यावर तो मुळात कोणत्या प्रकल्पात निर्माण झाला हे शोधणे आणि त्याच प्रकल्पाच्या नोंदणीत तो लिहिणे, म्हणजे बगनोंदीचे योग्य ठिकाण निवडणे. लिनक्सवर चालणारा संगणक एकाच कंपनीने बनवलेला नसतो. कर्नल, डेस्कटॉप, फॉन्ट, कळफलक, नकाशा हे भाग निरनिराळे गट लिहितात. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही वितरणे ते एकत्र बांधून देतात. म्हणून चूक दिसते एका जागी आणि तिचे मूळ निघते दुसऱ्याच जागी.

याचे उदाहरण म्हणून ‘धाराशिव’ हा एकच शब्द पुरेसा बोलका आहे. उस्मानाबाद शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि जिल्ह्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये धाराशिव झाले. त्यानंतरही फोनवरच्या नकाशात जुने नाव दिसले, की साहजिकच ॲप बनवणाऱ्यांकडे तक्रार जाते. पण ओस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप गावांची नावे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाकडून घेतात. आधी तिथे ते गाव उघडून पाहावे. तिथेच जुने नाव असेल तर खाते काढून कोणालाही ते दुरुस्त करता येते. मराठी नावाला आणि जुन्या नावाला वेगळे रकाने आहेत, त्यामुळे जुने नाव पुसावे लागत नाही. तिथे नाव बरोबर असेल तर फोनमध्ये उतरवलेला नकाशा शिळा असण्याची शक्यता जास्त. ताजा नकाशा उतरवूनही चूक राहिली, तरच ती ॲपच्या प्रकल्पाची.

याच शब्दातला ‘श’ अधिक कसोटी पाहतो. मराठी आणि हिंदी वळणाच्या ‘श’ला युनिकोडमध्ये संकेत एकच, ‘ल’चेही तसेच. कोणते वळण दाखवायचे हे मजकुराची भाषा पाहून फॉन्ट ठरवतो, अर्थात फॉन्टात तशी सोय असेल तर. तुळजापुरात कोणी लिबरऑफिस रायटरमध्ये पत्र लिहीत असेल आणि ‘श’ हिंदी वळणाचा उमटत असेल, तर प्रथम त्या मजकुराची भाषा हिंदी ठेवली आहे का ते पाहावे. तसे असेल तर तो बगच नव्हे. भाषा मराठी असूनही तेच घडले, तर तोच फॉन्ट दुसऱ्या ॲपमध्ये आणि मग दुसरा फॉन्ट त्याच ॲपमध्ये लावून पाहावा. चूक फॉन्टाबरोबर फिरली तर फॉन्टाच्या प्रकल्पाकडे, ॲपबरोबर राहिली तर लिबरऑफिस सांभाळणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिला या बगनोंदणीत.

बालाघाट डोंगररांगेतल्या ‘दऱ्या’ लिहिताना ‘दर्या’ उमटला, तर आणखी एक पायरी. दुसरीकडून बरोबर ‘दऱ्या’ कॉपी करून तिथेच चिकटवावा. तो नीट दिसला तर दोष दाखवण्यात नाही, टंकण्यात आहे. कळफलकाची मांडणी तपासावी. चिकटवलेला शब्दही अनेक फॉन्टांत आणि अनेक ॲपमध्ये मोडला, तर संशय हार्फबझवर, म्हणजे अक्षरे जुळवणाऱ्या घटकावर जातो. माझ्या मते बहुतेक मराठी वापरकर्ते ही दोन मिनिटांची चाचणी न करता गप्प बसतात, आणि बग वर्षानुवर्षे राहतो.

मूळ सापडले नाही तर वितरणाकडे जाणे योग्य. डेबियनचे रिपोर्टबग हे साधन पॅकेजचे नाव दिले की त्याची आवृत्ती स्वतः भरते. उबुंटूच्या नोंदी लाँचपॅडवर, फेडोराच्या रेड हॅटच्या बगझिलात जातात. डेबियनमधील पॅकेज सांभाळणारा दोष मूळ प्रकल्पाकडे पाठवून नोंदीवर तशी खूण करू शकतो. वितरणाने स्वतः बदल केलेल्या किंवा जुनी आवृत्ती ठेवलेल्या पॅकेजचा दोष मात्र मूळ प्रकल्पाकडे थेट नेल्यास बहुधा परत पाठवला जातो. सुरक्षेला भगदाड पाडणारा दोष या सगळ्या उघड नोंदींना अपवाद: तो उघड न लिहिता प्रकल्पाच्या सुरक्षा गटाला खाजगीत कळवतात.

मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला ‘श’ चुकला आहे हे दिसतच नाही. त्याला बिघडलेल्या अक्षराचे चित्र, शेजारी अपेक्षित अक्षराचे चित्र, फॉन्टाचे नाव व आवृत्ती, आणि चित्रात न अडकलेला, कॉपी करता येईल असा ‘धाराशिव’ हा शब्द द्यावा लागतो.