‘आता घरी घेऊन जा’ म्हटल्यावर पुढं काय? शेवटच्या आजारात दुखणं कमी करणारी सेवा काय असते, कुठं मिळते

लोहा : “आता आमच्या हातात काही राहिलं नाही. घरी घेऊन जा, सेवा करा.” मोठ्या दवाखान्यातून हे वाक्य ऐकून परत आलेली घरं लोहा तालुक्यात गावोगाव आहेत. गाडी गावात येते, ओसरीवर बाज टाकली जाते, भावकी गोळा होते. पहिला आठवडा घर भरलेलं असतं. मग पाव्हणे आपापल्या गावी, गडीमाणसं शेतात, आणि रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या माणसाजवळ एकटी बायको नाहीतर सून.

डॉक्टरांच्या त्या वाक्याचा अर्थ आजार बरा होण्याची आशा संपली, एवढाच असतो. दुखणं, धाप, मळमळ, जखमेचा वास, झोप न लागणं यावर औषध शिल्लक असतं. पण ते कोणी सांगत नाही, आणि घरचेही विचारत नाहीत. या उपचाराला दवाखान्यात ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. आजार बरा करण्यापेक्षा माणसाचा त्रास कमी करण्यावर यात भर असतो. अशा रुग्णांना शेवटच्या काळात ठेवून घेणाऱ्या जागेला ‘हॉस्पिस’ म्हणतात.

ही सेवा फक्त कॅन्सरसाठी आहे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. लकवा होऊन अंथरुणाला खिळलेला माणूस, मूत्रपिंड निकामी झालेला, चुलीच्या धुरानं नाहीतर बिडीनं फुप्फुस गेलेला, हृदय थकलेला, एचआयव्हीचा रुग्ण, सगळं विसरत चाललेली म्हातारी आई, या सगळ्यांना तिचा उपयोग आहे. आणि ती अगदी शेवटीच घ्यायची असंही नाही. आजाराचं निदान झालं त्या दिवसापासून चालू उपचाराबरोबरच ती घेता येते.

मॉर्फिनची भीती

आपल्याकडं तंबाखू, गुटख्यामुळं तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण खूप. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर ती किती दिसते हे वाचकांना सांगायला नको. हा कॅन्सर वाढला की दुखणं असं असतं की पॅरासिटामॉलनं भागत नाही. मग घरचे गावातल्या डॉक्टरला बोलावून सुई देतात. दोन-चार तास बरं वाटतं, परत तेच. रोज सुई, रोज पैसे, आणि वेदनेच्या अशा सुया सारख्या घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी एक साधी पद्धत सांगितली. ती आजही वापरात आहे. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, त्यानं भागलं नाही तर ट्रामाडॉलसारखी त्याहून जोरदार, आणि त्यानंही भागलं नाही तर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडानं द्यायचं आणि घड्याळाप्रमाणं द्यायचं. दुखायला लागल्यावर द्यायचं नाही, दुखणं परत यायच्या आधी द्यायचं. मोटार जळायची वाट बघून मग स्टार्टर दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, तसंच हे. मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास चालते, म्हणून ती दर चार तासांनी देतात. रात्रीचं कसं द्यायचं ते डॉक्टर लिहून देतात.

मॉर्फिन अफूपासून बनतं. अफू म्हटलं की लोकांना व्यसन आठवतं, पोलीस आठवतात. “मॉर्फिन चालू केलं म्हणजे माणूस गेलाच समजा” असंही बोललं जातं. पण डॉक्टरांच्या देखरेखीत वेदनेसाठी योग्य प्रमाणात घेतलेल्या मॉर्फिननं सहसा व्यसन लागत नाही आणि मरण लवकर येत नाही. उलट दुखणं थांबलं की माणूस झोपतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. कित्येक जण महिनोन्‌महिने ते घेतात. धाप लागलेल्या रुग्णालाही ते थोड्या प्रमाणात देतात.

त्रास त्याचाही आहे. बद्धकोष्ठता तर ठरलेलीच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्यावं. सुरुवातीचे तीन-चार दिवस मळमळ आणि झापड राहते, मग ती कमी होते. रुग्णाचं मूत्रपिंड खराब असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. डबा कुलुपात ठेवायचा. एकाची गोळी शेजारच्याच्या गुडघेदुखीला द्यायची नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

आता प्रश्न गोळी मिळण्याचा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळं मॉर्फिन ठेवायला दवाखान्यांना इतके परवाने लागायचे की बहुतेकांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन यांच्यासह सहा औषधांसाठी आता राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मिळतं. चौकातल्या मेडिकलवर ते शोधत हिंडू नये. कायदा सोपा होऊन दहा वर्षं उलटली तरी खेड्यातल्या रुग्णाला त्या गोळीसाठी जिल्ह्याला जावं लागतं, ही गोष्ट मात्र खटकते.

सेवा कुठं विचारायची

महाराष्ट्रानं या सेवेचं धोरण २०१२ मध्येच केलं. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. त्यानुसार जिल्हा रुग्णालयात यासाठी शिकलेले डॉक्टर आणि नर्स, बाह्यरुग्ण विभाग, काही खाटा आणि घरी जाऊन बघण्याची सोय अपेक्षित आहे. गावातल्या आरोग्य उपकेंद्राला आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. तिथं ज्या १२ प्रकारच्या सेवा द्यायच्या आहेत, त्यात वृद्धांची आणि अशा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा येते. म्हणून पहिला निरोप आशाताईला द्यावा. ती समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सांगेल, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग लोह्याचं सरकारी रुग्णालय आणि गरज पडली तर नांदेड. नोंद झाली नाही तर कोणी घरी येणार नाही, आणि नोंद मागितल्याशिवाय होत नाही, हा सगळ्यांचा अनुभव.

डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय विष्णुपुरीला आहे. लोह्याहून जाताना ते नांदेड शहराच्या आधीच लागतं. जायच्या आधी एक काम करावं. रुग्णाला गाडीत हालवत नेण्याऐवजी घरच्या एकानं फाईल घेऊन पुढं जावं आणि “मॉर्फिनची गोळी आज मिळेल का, कोणत्या दिवशी डॉक्टर असतात” हे विचारून यावं. जुन्या रुग्णाचं औषध घरच्यांच्या हाती देतात का, हेही तेव्हाच विचारावं. पाठीच्या कण्यात कॅन्सर उतरलेल्या माणसाला खड्ड्यांतून नेणं काय असतं, ते नेणाऱ्यालाच ठाऊक.

हॉस्पिस मात्र लांब आहेत. मुंबईत वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ १९८६ मध्ये सुरू झालं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी काढलेलं. पुण्यात वारज्याला सिप्ला संस्थेचं केंद्र १९९७ पासून चालतं. तिथं रुग्णासोबत घरच्या माणसालाही राहता येतं आणि जखम कशी धुवायची, नळीतून कसं भरवायचं हे त्याला शिकवून घरी पाठवतात. दोन्हीकडं रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. मुंबईच्या टाटा रुग्णालयातही १९९६ पासून यासाठी वेगळा विभाग आहे. ज्यांचे उपचार टाटात चालू आहेत, त्यांनी सुट्टी घेण्याआधी त्या विभागात जाऊन फाईलवर लिहून घ्यावं. लोह्याहून पुणं चारशे किलोमीटरच्या वर आहे. इतक्या लांब शेवटच्या आठवड्यात नेण्यापेक्षा, रुग्ण बसू शकतो तोवर एकदा जाऊन औषध बसवून आणि शिकून आलेलं बरं. कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते. दवाखान्याचा ठरलेला फॉर्म भरून घ्यावा लागतो.

घरी करायच्या गोष्टी

पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. पाठ, कंबर, टाचा लाल दिसल्या की समजायचं, जखम व्हायला लागली. लाल झालेली जागा चोळायची नाही. हवेची गादी मिळाली तर उत्तम, नाहीतर घडीच्या गोधड्या आणि उशा. चादरीला सळ नको, ओल नको.

कॅन्सरची जखम फुटली की तिला वास येतो. त्या वासानं नातवंडं जवळ जात नाहीत, आणि माणूस मरणापेक्षा त्यानं जास्त खचतो. यावर स्वस्त इलाज आहे. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम हलक्या हातानं धुवायची आणि डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड तिच्यावर टाकायची. बहुतेकांचा वास काही दिवसांत कमी होतो. हळद, राख, पाल्याचा रस असलं काही भरायचं नाही. जखमेत अळ्या दिसल्या तर लाजून लपवू नका, दवाखान्यात त्या काढता येतात.

नाकात नळी असेल तर भरवताना रुग्णाला टेकून बसवायचं, नंतरही अर्धा तास बसूनच ठेवायचं, आणि शेवटी नळीतून साधं पाणी सोडायचं. धाप लागत असेल तर खिडकी उघडी आणि पंखा तोंडासमोर. भोवती वीस माणसं उभी राहिली की धाप वाढते.

शेवटच्या दिवसांत भूक जाते. आपल्याकडं जेवण म्हणजे माया, म्हणून घरचे कोंबून भरवतात नाहीतर “दोन सलाईन लावा” म्हणून डॉक्टरच्या मागं लागतात. शरीर थांबायला लागलं की अन्न पचत नाही. सलाईनचं पाणी फुप्फुसात आणि पायांत साठून उलट त्रास देतं. ओठ, जीभ ओल्या कापडानं पुसत राहावं, चमच्यानं मागेल तेवढं पाणी द्यावं. घशात घरघर ऐकू येते तेव्हा माणसाला कुशीवर वळवायचं. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, रुग्णाला तिची बहुधा जाणीव नसते.

सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत घरात थांबायला कोणी नसतं, आणि सगळा भार एकाच बाईवर येतो. ती आजारी पडली की दोन रुग्ण. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला डॉक्टरांनी ही सेवा सुरू केली आणि पुढं ती गावकऱ्यांनी हातात घेतली. शेजारीपाजारी आठवड्यातले काही तास वाटून घेतात, रुग्णाजवळ बसतात, थोडी वर्गणी काढतात. माळेगावच्या यात्रेसाठी जी माणसं रात्रभर जागतात, त्यांना एका घरी आठवड्यात दोन तास बसणं अवघड जाऊ नये.

पैसा आणि कागद

“गॅरंटीनं बरा करतो” म्हणणारा भेटला की घरं एकर विकतात. विकायच्या आधी डॉक्टरांना दोन प्रश्न सरळ विचारावेत. हा उपचार केला तर माणूस बरा होईल, की फक्त दिवस वाढतील? आणि वाढले तर ते दिवस कसे जातील? उत्तर ऐकताना शक्य असेल तर रुग्णालाही जवळ बसू द्यावं. “त्यांना सांगू नका” म्हणून घर कुजबुजतं, पण बहुतेक रुग्णांना आतून कळलेलंच असतं. कोणाशी बोलावं ते त्यांना कळत नाही. कर्ज कोणाचं, उसनवारी कुठं, सातबारा, बँकेतला वारस, मुलीचं लग्न, हे बोलायला त्यांना वेळ मिळायला हवा.

संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर, लकवा यांसारख्या दुर्धर आजाराच्या, ६५ वर्षांच्या आतल्या गरीब रुग्णाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची आहे. अर्ज तहसीलला, सोबत सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र. वय ६५ च्या वर असेल तर श्रावणबाळ योजना बघावी. वृद्धांसाठी १४५६७, आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मोफत आहेत.

शेवटी व्हेंटिलेटर लावू नका, असं माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

माणूस घरी गेला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करावी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची फाईल तेव्हा लागते, म्हणून ती चितेबरोबर कपड्यांत जाऊ देऊ नये. मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मोजून, जिथून आणल्या त्या दवाखान्यात परत द्याव्यात.