पंचावन्न शत्रूंचे गणित

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. मुलांचा वेळ खाणारी गोष्ट, एवढीच त्याची आपल्या लेखी ओळख. पण अशा खेळातले नियम कसे घडले आणि खेळणाऱ्यांनी ते कसे ओळखले, हे पाहिले तर विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते. उदाहरण म्हणून १९७८ साली जपानमध्ये आलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ घेऊ.

अंतराळयुद्धाची कल्पना तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' हा खेळ बनवला होता. पण तो चाले पीडीपी-१ या संगणकावर, म्हणजे प्रयोगशाळेत. तैतो कंपनीतील अभियंते तोमोहिरो निशिकादो यांना नाणे टाकून कोणालाही खेळता येईल असे यंत्र करायचे होते. त्यासाठी त्यांनी इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर निवडला.

खेळ साधा आहे. पडद्यावर ११-११ च्या ५ ओळींत ५५ परग्रहवासी. सगळी पलटण आडवी सरकते, कडेला पोचली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेने निघते. तळाशी खेळाडूची तोफ आणि तिच्यापुढे चार आडोसे. पलटण तळाला पोचली की खेळ संपला. खालच्या दोन ओळींतील प्रत्येक शत्रूला १० गुण, मधल्या दोन ओळींना २० आणि सर्वांत वरच्या ओळीला ३०. पूर्ण पलटणीचे २२० + ४४० + ३३० = ९९० गुण होतात.

आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. खेळाडूची एक गोळी पडद्यावर असेपर्यंत दुसरी झाडता येत नाही. नेम चुकला तर गोळी वरपर्यंत जाईस्तोवर थांबावे लागते. चुकीची शिक्षा गुण कापून नव्हे, तर वेळ घालवून होते.

वेग का वाढतो?

शत्रू कमी होतात तशी उरलेल्यांची चाल जलद होते. याचे कारण यंत्रात आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटते आणि दर वेळी संगणक एकाच परग्रहवाशाला हलवतो. ५५ जणांना एकेक पाऊल पुढे न्यायला ५५ खेपा, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागतो. ११ उरले की तेवढेच काम सेकंदाच्या पाचव्या भागात होते. एकटा उरलेला शत्रू तर दर खेपेला हलतो. निशिकादोंना हे दिसले, आणि खेळ त्यामुळे अधिक रंगतो म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले. यंत्राची मर्यादा होती, तिचा नियम झाला.

नशीब की मोजणी?

अधूनमधून वरून एक उडती तबकडी जाते. ती पाडली की ५०, १००, १५० किंवा ३०० गुण मिळतात. किती मिळतील हे नशिबावर आहे, असेच कोणालाही वाटेल. पण काही खेळाडूंनी आपण झाडलेल्या गोळ्या मोजल्या. तेविसावी गोळी तबकडीला लागली तर ३०० गुण मिळतात, आणि त्यानंतर दर पंधराव्या गोळीला तेवढेच, असे त्यांच्या ध्यानात आले. मग ते २२ गोळ्या झाडून तबकडीची वाट पाहत थांबू लागले.

ही जादू नव्हे. यंत्राच्या स्मृतीत गुणांची ठरलेली यादी होती आणि प्रत्येक गोळीबरोबर संगणक त्या यादीत एक घर पुढे सरके. खेळाडूंना आतला प्रोग्राम दिसत नव्हता. तरीही निरीक्षण, मोजणी, अंदाज आणि पडताळा या मार्गाने त्यांनी आतला नियम शोधला. निसर्गाचा प्रोग्रामही आपल्याला उघडून पाहता येत नाही, आणि आपल्या हाती असलेला मार्ग हाच आहे.

वर्गातला एखादा विद्यार्थी खेळातली युक्ती उत्साहाने सांगू लागला, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. हे तुला कशावरून कळले? आणि ते चूक असेल तर तुला कसे समजेल?