पहिलटकरणीचे दहा दिवस



भाईंदरच्या रेल्वे-पुलाखालचे पाणी आपण सारे येता-जाता पाहतो. हे पाणी केवळ समुद्राचे नव्हे. सह्याद्रीतून निघालेली उल्हास नदी कल्याणवरून येते, ठाण्यापाशी वळते आणि घोडबंदरच्या अंगाने वसईच्या खाडीला मिळते. कल्याणचे पाणी भाईंदरला पोहोचते ते असे. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत, तीही कल्याणच्या एका घराण्यातली आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटू नये.

आपल्या ह्या भागात इतिहास म्हटला की पोर्तुगीज आठवतात, चिमाजी अप्पा आठवतात आणि १७३९ सालचा वसईचा विजय आठवतो. तो आठवावा हे योग्यच आहे. परंतु किल्ल्याच्या तटावर जशी माणसे मृत्यूशी झुंजतात, तशीच झुंज दर पिढीत, दर घरात, एका अंधाऱ्या खोलीत चाललेली असे. ती म्हणजे बाळंतिणीची खोली. तिचे दार इतिहासकारांनी क्वचितच उघडले. तेथे कोणी बखरकार नव्हता आणि जी झुंजत होती तिला बहुधा लिहिता येत नव्हते. आज तेच दार थोडेसे किलकिले करून पाहावे, असा आमचा विचार आहे.

प्रथमच आई होणाऱ्या स्त्रीला आपल्या भाषेत ‘पहिलटकरीण’ असा एक स्वतंत्र शब्द आहे. ज्या समाजाने तिच्यासाठी वेगळा शब्द घडवला, त्याला तिची अवस्था वेगळी आहे हे पक्के ठाऊक होते. तिला डोहाळे लागतात, ते पुरवावेत. तिची ओटी भरावी, डोहाळजेवण करावे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे. प्रसूतीनंतर शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, वेखंड ह्यांची तजवीज असावी. ही सारी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यात बरेच शहाणपण आहे. घाबरलेल्या मुलीला तिच्या आईजवळ पाठवावे, ह्यापेक्षा अधिक समंजस रूढी कोणती असणार? पण ह्या व्यवस्थेला एक गोष्ट साधली नव्हती. अडलेल्या बाईला सोडवणे आणि जन्मलेले मूल जगवणे तिच्या हाती नव्हते. आमच्या घरातील वृद्ध स्त्रिया आपल्या मुलांचा हिशेब सांगत तो दोन आकड्यांत: “आठ झाली, पाच राहिली.” मधल्या तिघांविषयी त्या बोलत नसत. लहानपणी आम्हांला ह्या मौनाचा अर्थ कळला नाही.

ह्या मौनातून एकच मुलगी उठली आणि थेट सातासमुद्रांपलीकडे गेली. तिचे नाव यमुना गणपतराव जोशी. सासरचे नाव आनंदी. जन्म ३१ मार्च १८६५. म्हणजे ज्या वर्षी ह्या खाडीवरून आगगाडी मुंबईकडे धावू लागली, त्याच्या पुढच्याच वर्षी कल्याणच्या जोशी घराण्यात ही मुलगी आली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी, पोस्टातले नोकर, बिजवर, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवू द्याल तरच लग्न करीन, अशी अट घालणारा हा विलक्षण मनुष्य. त्यांच्या हट्टीपणाचे आणि शिकवण्यातील सक्तीचे अनेक किस्से चरित्रकारांनी नोंदवले आहेत. आनंदीबाईंना त्याचा जाचही झाला. पण तो आजचा विषय नव्हे.

चौदाव्या वर्षी आनंदी आई झाली. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

चरित्रग्रंथांतून ही घटना दोन-तीन ओळींत संपते आणि लेखणी लगबगीने अमेरिकेकडे वळते. आपण मात्र येथे थोडे थांबू. चौदा वर्षांची मुलगी! आज ह्या वयाची मुलगी आठवीत-नववीत असते. त्या काळच्या कायद्याला ह्यात काही वावगे दिसत नव्हते. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे विवाहितेच्याही संमतीवयाची मर्यादा होती अवघी दहा वर्षे. आनंदीच्या घरी जे घडले ते अपवाद नव्हते. चार घरी घडत होते तेच तेथे घडले.

रूढीप्रमाणे पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते, अशी समजूत. म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल. बाराव्या दिवशी बारसे. ज्याचे आयुष्य दहाव्या दिवशी संपले, त्याला बारशाचा पाळणा लाभत नाही. हे गणित आम्ही प्रथम मांडले तेव्हा आमच्या ध्यानात आले की, पाचवी-सहावीचे पूजन आणि बारशापर्यंतची वाट पाहणे, ह्या रूढींमागे एक भीती उभी आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांतच मुले जातात, हा शतकांचा अनुभव होता. मूल राहते की नाही ते पाहावे आणि मग नाव ठेवावे!

आनंदीचे मूल कोणत्या आजाराने गेले ह्याविषयी आम्ही तर्क करणार नाही. पण त्या दिवसांत मुले कशाने जात ह्याचे एक मोठे कारण आज माहीत आहे. नाळ कापताना धार अस्वच्छ असली, कापलेल्या जागी राख किंवा माती लागली, की धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरत. चार-सहा दिवसांनी मूल अंगावर पिईनासे होई, ताठ होई आणि जाई. लोक म्हणत, सटवीने नेले. धनुर्वाताच्या जंतूचा शोध लागला तोच १८८४ साली.

येथे सुईणीला दोष देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. तो अन्यायाचा होईल. सुईण हीच गरिबाची एकमेव डॉक्टर होती आणि तिच्या हातांत पुष्कळ कसब असे. शिवाय तिकडे युरोपात तरी काय चालले होते? व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच प्रसूतिगृहात जात आणि बाळंतिणी ज्वराने मरत. हात धुवा, एवढेच सेमेलवाइसने १८४७ साली सांगितले. त्यापायी त्याची उपेक्षाच झाली. बाळंतज्वराचा जंतू पाश्चरने पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडला तो १८७९ साली, म्हणजे जवळपास त्याच सुमारास, जेव्हा आनंदीचा पाळणा रिकामा झाला. अज्ञान सर्वत्र होते. फरक एवढाच की तेथे ते दूर करण्याची खटपट सुरू झाली होती. येथे त्या खोलीत पुरुष डॉक्टरला येऊ द्यायचे नाही, असा घराचा दंडक. आणि स्त्री डॉक्टर तर जवळजवळ नव्हतीच.

ह्या दोन भिंतींमधली जागा आनंदीबाईंनी नेमकी ओळखली. १८८० साली त्यांच्या शिक्षणाविषयीचा गोपाळरावांचा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापलेला न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर ह्यांच्या वाचनात आला आणि दोन अनोळखी स्त्रियांची मैत्री जमली. पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई व्याख्यानाला उभ्या राहिल्या. वय अठरा पुरे नाही. तू अमेरिकेला का जातेस, एकटीच का जातेस, परत आल्यावर जातीने बहिष्कार टाकला तर काय करशील, असे लोकांचे प्रश्न एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, बायका आपली दुखणी पुरुषांपुढे सांगत नाहीत, तेव्हा कोणीतरी पुढे झाले पाहिजे आणि ती कोणीतरी मी होते.

ह्या भाषणात त्यांनी स्वतःच्या दहा दिवसांच्या बाळाचा दाखला पुढे केला नाही. म्हणून केवळ मुलाच्या मृत्यूने त्या डॉक्टर झाल्या असे एका वाक्यात सांगणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. पतीची महत्त्वाकांक्षा, स्वतःची ज्ञानलालसा, परदेशी स्नेह ही कारणेही होतीच. पण एक पुरावा असा आहे की तो बाजूला सारता येत नाही. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे तीन वर्षे काढली. पदवीसाठी प्रबंध लिहावयाचा होता. शरीराचा कोणताही भाग, कोणताही रोग निवडण्याची मोकळीक असताना त्यांनी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या आयुर्वेदातील गर्भिणीची चर्या आणि प्रसूतीचे विचार एका बाजूला, अमेरिकेत शिकलेले शास्त्र दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी त्यांनी केली. ज्या खोलीतून ती मुलगी चौदाव्या वर्षी रिकाम्या हातांनी बाहेर आली होती, त्याच खोलीत ती आता ग्रंथ घेऊन परतली. मनुष्य आपले दुःख बोलून दाखवतोच असे नाही. पुष्कळदा तो त्याचा अभ्यास करतो.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु अमेरिकेतच क्षयाने त्यांना गाठले होते. त्या परतल्या त्या अंथरुणावरच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या पहिलटकरणींसाठी त्या शिकल्या, त्यांपैकी एकीचीही नाडी कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांना पाहता आली नाही. त्यांच्या रक्षेचा अंश श्रीमती कार्पेंटर ह्यांच्याकडे गेला आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील स्मशानभूमीत विसावला.

मग हे सारे व्यर्थ गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्याच काळात मुंबईत स्त्रियांसाठी कामा इस्पितळ उभे राहिले आणि डॉ. एडिथ पीची ह्यांनी ते चालवले. १८८५ साली डफरिन फंड सुरू झाला. लहानपणी झालेले लग्न नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरतेस दीर्घकाळ स्त्रियांची सेवा करून राहिल्या. १८८९ साली कलकत्त्यास फुलमणी नावाची अल्पवयीन विवाहिता पतीच्या अत्याचाराने मरण पावली. पुष्कळ वादानंतर १८९१ मध्ये संमतीवय दहावरून बारा झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. ते अठरा होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. गिरणीतल्या बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी म्हणून १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू मांडली आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. एका वेळी एक वीट, असे हे बांधकाम चालले.

त्याचे फळ आकड्यांत पाहा. १९४६ च्या भोर समितीच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावत. म्हणजे लाखामागे २,०००. २०१८ ते २०२० ह्या काळातील सरकारी पाहणीत हा आकडा देशात लाखामागे ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतका खाली आला. माता आणि नवजात बालके ह्यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारताने साधल्याचे २०१५ साली जाहीर झाले. सटवाईच्या हातची लेखणी माणसाने थोडीफार आपल्या हाती घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि समाधान मानून घरी जावे, अशी वेळ अजून आलेली नाही. आपल्या गावाकडेच पाहा. मिठागरे, कोळीवाडे आणि भातशेती ह्यांची ही वस्ती १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसे मोजली गेली. ह्यांपैकी किती घरे कोकणातून, देशावरून, गुजरात-राजस्थानातून, उत्तरेकडून आली! इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची पहिलटकरीण आज शिकलेली आहे, तिची तपासणी होते, तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर तिला बाळाचे ठोकेही दिसतात. पण तिचे माहेर शेकडो मैलांवर आहे, नवरा पहाटेच्या गाडीने मुंबईला जातो आणि शेजारचे दार बंद असते. तिला भीती वाटते ती कोणाला सांगावी, हे तिला कळत नाही. आनंदीजवळ माणसे होती, शास्त्र नव्हते. हिच्याजवळ शास्त्र आहे, माणसे नाहीत.

शास्त्राची उणीव दूर करण्यासाठी एका मुलीला अमेरिका गाठावी लागली आणि प्राण वेचावा लागला. माणसांची उणीव दूर करण्यासाठी आपल्याला एवढे लांब जावे लागणार नाही. समोरच्या दारापर्यंत गेले तरी पुरे. डोहाळजेवण केवळ नात्यातलेच असावे असे कोठल्या शास्त्रात लिहिले आहे? तिला इस्पितळात नेताना सोबत जावे, बाळंतिणीला चार दिवस गरम जेवण द्यावे आणि तिचे मन उदास झाले तर ‘सगळ्यांनाच होते’ असे म्हणून तिला गप्प न करता ऐकून घ्यावे. आणि ज्यांचा पाळणा रिकामा राहिला, त्या स्त्रियांपाशी त्या मुलाची आठवण काढण्याचे धैर्यही आपण दाखवावे. आमच्या घरातील वृद्ध स्त्रियांना आम्ही ते तीन कोण होते असे कधी विचारले नाही. त्या आता नाहीत. ती चूक आपल्याकडून पुन्हा न व्हावी, एवढीच आपल्यापाशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.