एका टक्क्याची तरतूद

उपेक्षितांना साहाय्य कसे पोहोचवावे, हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या दफ्तरी बहुधा लवकर दाखल होतो. परंतु त्यांच्या स्थितीचे संशोधन कोणी करावे, आणि ते करण्याचे सामर्थ्य खुद्द त्यांच्यातच कसे निर्माण व्हावे, हा प्रश्न तेथे पोहोचण्यास पिढ्या लोटतात. अमेरिकेतील अपंग-पुनर्वसनाच्या इतिहासात या दोन प्रश्नांमध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला.

पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१८ मध्ये, आणि पुढे सामान्य नागरिकांसाठी १९२० मध्ये, तेथील काँग्रेसने व्यावसायिक पुनर्वसनाचे कायदे केले. नागरिकांच्या कायद्यात खर्चाचा भार केंद्राने व राज्यांनी मिळून उचलावयाचा, अंमलबजावणी मात्र राज्यांकडे. आणि दक्षिणेकडील राज्यांत तर शाळा, रुग्णालये व आगगाडीचे डबेदेखील वर्णानुसार विभागलेले होते. १९५४ च्या कायद्याने, मेरी स्विट्झर या कर्तबगार अधिकारी बाईंच्या पुरस्कारामुळे, विद्यापीठांना पुनर्वसनाच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी अनुदान मिळू लागले. शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्याच वर्षीचा. तथापि न्यायालयाच्या निर्णयाने विद्यापीठा-विद्यापीठांतील साधनसंपत्तीची तफावत एका दिवसात मिटणारी नव्हती.

त्या तफावतीचे मूळ जुने होते. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणाची निकड ध्यानी घेऊन १८६७ मध्ये वॉशिंग्टन येथे हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले. ज्या मुक्तिकार्याच्या गौरवार्थ जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केली, त्याच कार्याचे हे एक फळ. पुढे १८९० च्या कायद्याने, जी राज्ये आपल्या महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश देणार नाहीत त्यांनी स्वतंत्र संस्था काढावी असे ठरविले, आणि १८९७ मध्ये ओक्लाहोमातील लँगस्टन येथे अशी एक संस्था उभी राहिली. या संस्थांनी हजारो शिक्षक व वैद्य घडविले. परंतु संशोधनाची अनुदाने ज्यांच्यापाशी पूर्वीच्या संशोधनाचा दाखला असतो त्यांच्याकडेच वळतात, आणि हा पहिला दाखला मिळविण्याइतकी सवड, प्रयोगशाळा व अर्ज सिद्ध करणारा जाणता कर्मचारीवर्ग या संस्थांपाशी क्वचितच असे.

याचा परिणाम पुनर्वसन-सेवेतही दिसून आला. १९८० मध्ये बॉबी अॅटकिन्स व जॉर्ज राइट यांनी प्रसिद्ध केलेल्या विवेचनातून कृष्णवर्णीय अपंगांना मिळणाऱ्या विषम वागणुकीचे चित्र पुढे आले. हॉवर्ड विद्यापीठात स्वतः दृष्टिहीन असलेल्या सिल्व्हिया वॉकर यांनी संशोधन-केंद्राची धुरा वाहून हाच विषय लावून धरला. अखेर पुनर्वसन कायद्याच्या १९९२ मधील दुरुस्तीने खुद्द कायद्यातच ही कबुली नोंदविली गेली की, कृष्णवर्णीयांचे अर्ज अधिक प्रमाणात नामंजूर होतात, मंजूर झालेल्यांपैकीही अधिक जणांची प्रकरणे पुनर्वसन न होताच बंद केली जातात, आणि अल्पसंख्याकांना प्रशिक्षण कमी मिळून त्यांच्यावर खर्चही कमी होतो. त्याच कलमान्वये कायद्याच्या ठरावीक कार्यक्रमांच्या रकमेतील एक टक्का अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्था व मूळ अमेरिकी जमाती यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला.

१९७८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अपंगत्व-संशोधन संस्था, जी २०१४ च्या कायद्याने शिक्षण खात्यातून आरोग्य व मानवसेवा खात्याकडे गेली, तिच्या प्रगत संशोधन-प्रशिक्षणाच्या योजनेलाही पुढे अल्पसंख्याकांच्या संस्थांकडे पाहणारे हेच वळण मिळाले. या योजनेत अनुदान विद्यापीठास मिळते. विद्यापीठ होतकरू संशोधक निवडते, त्यांना विद्यावेतन व जाणत्या मार्गदर्शकाचा सहवास देते, संशोधनपद्धती शिकविते आणि पुढील अनुदानाचे अर्ज स्वतः लिहिण्यास समर्थ करते. तेव्हा जो दाखला नसल्यामुळे दार बंद होते, तो दाखला मिळविण्याचीच ही सोय आहे.

एक टक्का ही रक्कम अल्प खरी, आणि शतकाचा अन्याय तिने फिटत नाही, हेही खरे. परंतु सेवेचा लाभार्थी होणे आणि सेवेची परीक्षा करण्याचा अधिकार मिळविणे यांत महदंतर आहे. कोणते प्रश्न विचारावयाचे, कोणाची गणना करावयाची आणि कोणत्या फळास यश म्हणावयाचे, हे संशोधक ठरवितो. म्हणून ज्या समाजाचे अपंग दफ्तरांतून गळाले, त्याच समाजातून संशोधक घडविण्यासाठी खजिना उघडणे, हे कोणत्याही लोकसत्ताक राज्याचे कर्तव्यच होय, आणि ते एका टक्क्यावर थांबता कामा नये.