कबर नाकारली, वकील का दिला?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर चालून आलेल्या दहा जणांपैकी नऊ जण मारले गेले. त्यांनी १६६ माणसांचा बळी घेतला होता. त्या नऊ जणांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी नकार दिला. मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. मयतीला माती देणं आमच्यात सवाबाचं काम, तरीही तो नकार मला पटला.

दहावा, अजमल कसाब, जिवंत सापडला. कारण तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलूनही त्याच्या रायफलची नळी सोडली नाही. मग दुसरा नकार आला. त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असा ठराव मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेनं केला. तो मला पटला नाही. (त्या दिवसांत, नावामुळं असेल, माझं मत जरा जास्तच वेळा विचारलं जाई.) कबर देणं-न देणं समाजाच्या हाती. वकिलाचा हक्क राज्यघटनेनं दिलेला, आणि तो देताना २२ व्या कलमानं 'नागरिक' म्हटलेलं नाही, 'व्यक्ती' म्हटलं आहे.

न्यायालयानं अंजली वाघमारे यांना नेमलं, तर त्यांच्या घरावर जमाव गेला. पुढं अब्बास काझमी, मग के. पी. पवार आले. आर्थर रोड तुरुंगात सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. लोक विचारत, हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो साऱ्या जगानं पाहिलाय, मग एवढं कशाला?

पण आरोपीच्या पिंजऱ्यात तो एकटा नव्हता. आणखी दोघे होते, भारतीय, मुसलमान. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे काढून 'लष्कर'ला पुरवले, हा त्यांच्यावरचा आरोप. असा एक नकाशा कसाबचा मेलेला साथीदार अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात मिळाला, असं पोलिसांचं म्हणणं. पँट रक्तानं भिजलेली. नकाशावर मात्र रक्ताचा डाग नाही! न्यायाधीश टहलियानी यांनी ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवलं आणि त्याच दिवशी पुराव्याअभावी त्या दोघांना या खटल्यातून मुक्त केलं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम केलं. 'खटला कशाला' म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं, तर तो कोरा करकरीत कागद कुणी निरखून पाहिला असता?

सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन कसाबसाठी उभे राहिले. सुरुवातीपासून त्याला वकील मिळाला नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यानं भारतीय वकील आधी स्वतःच नाकारला होता, असं सांगून न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम केली. २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती दिली गेली.

त्याच निकालपत्रात न्या. आफताब आलम यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं, की तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं मिळेल, हे दंडाधिकाऱ्यानं त्याला सांगितलंच पाहिजे. न सांगणाऱ्या दंडाधिकाऱ्याची खात्यामार्फत चौकशी होऊ शकते. तालुक्याच्या कोर्टात पाकीटमारीच्या आरोपावरून उभ्या केलेल्या पोरालाही हे सांगावं लागतं, ते कसाबच्या खटल्यातल्या या आदेशामुळं.